नोटीस गाण्याची, प्रश्न पुराव्याचा

पंधरा वर्षांपूर्वी कोल्हापुरात राजारामपुरीत काय किंवा गडहिंग्लजच्या बाजारपेठेत काय, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाच्या काचेवर एक पाटी हमखास असायची: ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’. गिऱ्हाईक फोनमधली चिप काढून काउंटरवर ठेवायचं, ‘नवीन हिंदी टाका, थोड्या लावण्या, आईसाठी भक्तिगीतं’ एवढी फर्माईश करायचं आणि दहा-वीस रुपयांत शे-दोनशे गाणी घेऊन बाहेर पडायचं. घरात संगणक नाही, इंटरनेट रडतखडत चालणारं, पण चायना मोबाइलचा आवाज मात्र दणदणीत. पाश्चात्त्य देशांत गाण्यांच्या फाइली घराघरांतल्या संगणकांतून फिरल्या. आपल्याकडे त्या अशा काउंटरवरून फिरल्या.

दुकानदाराच्या लेखी हा रिचार्ज आणि स्क्रीनगार्डसारखाच एक जोडधंदा होता. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाच्या लेखी तो गुन्हा होता. जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्याला कलम ६३ खाली किमान सहा महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, शिवाय पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. कलम ६४ प्रमाणे उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी वॉरंटशिवाय बेकायदा प्रती आणि त्या तयार करायची साधनं जप्त करू शकतो. हा गुन्हा दखलपात्र की अदखलपात्र, यावर उच्च न्यायालयांत मतभेद होते. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२२ रोजी निट प्रो इंटरनॅशनल खटल्यात तो दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला आणि वाद मिटवला.

पैसे घेऊन दुसऱ्याच्या गाण्यांच्या प्रती करून विकणं बेकायदा आहे, यात वादाला जागा नाही. ‘इंडियन म्युझिक इंडस्ट्री’ या १९३६ पासूनच्या संस्थेने अशा दुकानांवर छापे घडवून आणले, आणि २०१० च्या सुमारास दुकानदारांना रीतसर गाणी भरता यावीत म्हणून परवान्याची योजनाही आणली. वाद सुरू होतो तो पुढे. संगीत कंपन्यांचा हक्क खरा असला तरी त्या हक्काच्या नावाने निघणारी प्रत्येक नोटीस खरी असतेच असं नाही. गाणं नेमकं कोणतं, ते कुणाचं आणि समोरच्याने त्याचं केलं काय, हे न सांगता घाऊक धाक दाखवण्याची सवय लागली, तेव्हा अमेरिकेपासून मुंबई-गोव्यापर्यंतच्या न्यायालयांनी तिला लगाम घातला. तो कसा घातला, याची हकिगत सामान्य माणसाच्या कामाची आहे, कारण अशी नोटीस आज मोबाइलच्या दुकानापेक्षा हॉटेलला, मंगल कार्यालयाला किंवा साउंडवाल्याला येण्याची शक्यता जास्त.

सुरुवात अमेरिकेतून करावी लागते. नॅप्स्टर ही गाणी वाटण्याची सेवा २००१ मध्ये न्यायालयाच्या आदेशामुळे बंद पडली. तिच्या जागी काझा, ग्रॉक्स्टर अशा नव्या सेवा उभ्या राहिल्या. त्यांचा मधला सर्व्हर नव्हता. गाणी थेट एका घरातून दुसऱ्या घरात जात. एप्रिल २००३ मध्ये एका संघीय न्यायाधीशाने ग्रॉक्स्टरला जबाबदार धरायला नकार दिला. दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने ती दिशा बदलली, पण मधल्या काळात अमेरिकन ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने, म्हणजे आरआयएएने, मोर्चा थेट ऐकणाऱ्यांकडे वळवला होता. ८ सप्टेंबर २००३ रोजी एकाच दिवशी २६१ जणांवर दावे लागले. त्यांत न्यूयॉर्कमधली बारा वर्षांची एक शाळकरी मुलगी होती. तिच्या आईने दोन हजार डॉलर भरून प्रकरण मिटवलं. बोस्टनजवळच्या एका ज्येष्ठ महिलेवर रॅप गाणी वाटल्याचा आरोप होता, पण तिच्याकडे होता मॅकिंटॉश संगणक आणि काझा त्यावर चालतच नव्हतं. तो दावा गुपचूप मागे घेण्यात आला. २००५ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या ८३ वर्षांच्या एका मृत महिलेच्या नावेही दावा निघाला.

चुका होणारच होत्या, कारण कंपन्यांच्या हाती माणसाचं नाव नव्हतं, फक्त आयपी पत्ता होता. तो पत्ता एका जोडणीचा असतो. त्या जोडणीवर भाऊ बसला होता, पाहुणा बसला होता की शेजारचा मुलगा, हे त्यातून कळत नाही. दावा न लावताच इंटरनेट सेवा कंपन्यांकडून ग्राहकांची नावं मागवण्याचा आरआयएएचा मार्ग डिसेंबर २००३ मध्ये व्हेरायझन प्रकरणातल्या अपील निकालाने बंद केला. मग ‘अनामिक’ प्रतिवादींवर दावे, त्यातून नावं, मग तीन-चार हजार डॉलरवर तडजोड, असा कारखानाच सुरू झाला. तडजोड स्वस्त आणि वकील महाग, त्यामुळे बहुतेकांनी पैसे भरले.

काहींनी भरले नाहीत. ओक्लाहोमातल्या एका आईवर केवळ इंटरनेटची जोडणी तिच्या नावावर होती म्हणून दावा होता. कंपन्यांनी तो सोडून दिला तरी तिने पाठपुरावा सोडला नाही, आणि २००७ मध्ये न्यायालयाने कंपन्यांना तिच्या वकिलाचे ६८ हजार डॉलरहून अधिक पैसे द्यायला लावले. ओरेगॉनमधल्या एका एकट्या आईलाही २००८ मध्ये एक लाख सात हजार डॉलरच्या वर वकील खर्च मिळाला. तिने उलट कंपन्यांवरच द्वेषबुद्धीने दावा चालवल्याचा खटला भरला. दुसरीकडे मिनेसोटातल्या एका महिलेला २४ गाण्यांसाठी पहिल्या ज्यूरीने २ लाख २२ हजार डॉलर भरायला सांगितले, दुसऱ्या ज्यूरीने २००९ मध्ये तोच आकडा १९ लाख २० हजारांवर नेला, न्यायाधीशांनी तो ५४ हजारांवर आणला, तिसऱ्या ज्यूरीने पुन्हा १५ लाख केला आणि अखेर २०१२ मध्ये अपील न्यायालय मूळ २ लाख २२ हजारांवर थांबलं. दुकानात एक गाणं तेव्हा डॉलरभराला मिळत होतं. खटला कंपन्यांनी जिंकला, लोकांच्या मनातून मात्र त्या उतरल्या. पाच वर्षांत सुमारे ३५ हजार लोकांना यात ओढल्यावर डिसेंबर २००८ मध्ये आरआयएएने ही मोहीम थांबवल्याचं जाहीर केलं.

ब्रिटनमध्ये तर एका वकिली फर्मने याचा धंदाच मांडला. फाइल शेअरिंगचा आरोप करणारी हजारो पत्रं घरोघरी पाठवायची, काही शे पौंड मागायचे आणि न्यायालयात जायचंच नाही. आरडाओरड झाल्यावर २७ दावे दाखल झाले आणि सुनावणी जवळ येताच ते मागे घ्यायची धडपड सुरू झाली. न्यायाधीश बर्स यांनी फेब्रुवारी २०११ मध्ये ही पळवाट अडवली. फर्म चालवणाऱ्या वकिलाची सनद पुढच्या वर्षी दोन वर्षांसाठी निलंबित झाली.

भारतात ऐकणाऱ्यांवर असे घाऊक दावे कधी लागले नाहीत. त्यामागे कंपन्यांची दया नसून हिशेब आहे. अमेरिकी कायद्यात प्रत्यक्ष नुकसान सिद्ध न करताही प्रत्येक कलाकृतीमागे ७५० पासून दीड लाख डॉलरपर्यंत भरपाई मागता येते. आपल्या कायद्यात अशी ठरावीक भरपाई नाही. नुकसान किती झालं ते दाखवावं लागतं. शिवाय कलम ५५ प्रमाणे, त्या कलाकृतीवर कॉपीराइट आहे याची कल्पना नव्हती आणि तसं वाटायचं कारणही नव्हतं, हे प्रतिवादीने सिद्ध केलं तर त्याच्याकडून फक्त मनाई हुकूम आणि त्याने कमावलेला सगळा किंवा काही नफा मिळू शकतो. कागलच्या एखाद्या कॉलेजकुमारावर मुंबईच्या कंपनीने दिवाणी दावा लावला तर निकालाला वर्षं जाणार आणि हाती येणार दोन-चारशे रुपये. म्हणून इथे निशाणा बदलला. एका बाजूला दुकानदारांवर फौजदारी, दुसऱ्या बाजूला संकेतस्थळं बंद पाडण्याचे आदेश आणि तिसऱ्या बाजूला जाहीर ठिकाणी गाणी वाजवणाऱ्यांना परवान्याच्या नोटिसा, असे तीन रस्ते निघाले. कायद्याचा प्रतिकारही याच तिन्ही रस्त्यांवर झाला.

संकेतस्थळांच्या आघाडीवर कंपन्यांचं हत्यार होतं ‘अशोक कुमार’ आदेश. प्रतिवादी कोण हे माहीत नसताना इंग्रजी परंपरेत ‘जॉन डो’ हे काल्पनिक नाव घालतात; भारतीय न्यायालयांत त्याचा अशोक कुमार झाला. मार्च २०१२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयातून १०४ संगीत संकेतस्थळं बंद करण्याचे आदेश मिळाले; प्रसिद्ध सॉंग्ज डॉट पीके त्यांतच होतं. त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयाच्या एका आदेशाचा अर्थ सेवा कंपन्यांनी इतका सैल लावला की ‘३’ या तमिळ चित्रपटाच्या बचावासाठी व्हिमिओसारखी पूर्ण कायदेशीर ठिकाणंही देशभर बंद पडली. जूनमध्ये न्यायालयाला खुलासा करावा लागला की बंद करायचे ते ठरावीक दुवे, अख्खी संकेतस्थळं नव्हेत.

यातला सर्वांत विचारपूर्वक निकाल मुंबईतून आला. जुलै २०१६ मध्ये ‘ढिशूम’ चित्रपटाच्या प्रदर्शनाआधी इरॉस कंपनी दुव्यांची लांबलचक यादी घेऊन मुंबई उच्च न्यायालयात आली. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सरसकट मनाई द्यायला नकार दिला. एखाद्या ठिकाणी सगळंच बेकायदा आहे याचा पुरावा नसेल तर ते संपूर्ण ठिकाण बंद करता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी तीन पायऱ्यांची तपासणी घालून दिली: तंत्रज्ञ संस्थेने प्रत्येक दुवा तपासायचा, वकिलांनी तो पुन्हा तपासायचा आणि मग शपथपत्रावर यादी द्यायची. चुकून आपलं पान बंद झालं असं वाटणाऱ्याला दाद मागायची सोयही हवी, हे त्यांनी बजावलं.

महिन्याभरात त्याच दाव्यात दुसरा प्रश्न उभा राहिला. बंद केलेलं पान उघडू पाहणाऱ्याला पडद्यावर एक इशारा दिसू लागला होता: या दुव्यावरचा मजकूर पाहणं, उतरवणं, दाखवणं किंवा त्याची प्रत करणं हा गुन्हा आहे, तीन वर्षं कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड. ‘टॉरेंटची साइट उघडली तरी तुरुंग’ अशा बातम्या झळकल्या आणि पोराबाळांच्या घरांत घबराट पसरली. न्यायमूर्ती पटेल यांनी ३० ऑगस्ट २०१६ रोजी स्पष्ट केलं की नुसतं पाहणं हा कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा नाही. गुन्हा परवानगीशिवाय वितरण करण्यात, जाहीरपणे दाखवण्यात, विकण्यात किंवा भाड्याने देण्यात आहे. इशाऱ्याचा मजकूर बदलायला सांगण्यात आला. कायद्यात नसलेला धाक न्यायालयाच्या नावावर खपवता येणार नाही, एवढा साधा त्याचा अर्थ होता.

त्याच वर्षी २३ डिसेंबरला दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने टी-सीरीज विरुद्ध मायस्पेस खटल्यात हेच सूत्र ऑनलाइन मंचांच्या बाबतीत मांडलं. लोकांनी चढवलेल्या गाण्यांसाठी मंचाला सरसकट दोषी धरणारा २०११ चा आदेश उलटला. हक्कदाराने नेमकी गाणी, नेमकी ठिकाणं दाखवून द्यावीत, मग मंचाने ती काढावीत. कायद्यात आणि त्याखालच्या नियमांत याचं वेळापत्रकही आहे: तक्रार आल्यावर ३६ तासांत मजकूर थांबवायचा, पण तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर मंचाला तो पुन्हा सुरू करता येतो.

सामान्य माणसाच्या हातातलं सर्वांत धारदार कलम मात्र याहून जुनं आणि फारसं कुणाला ठाऊक नसलेलं आहे. कॉपीराइट अधिनियमाचं कलम ६० सांगतं की स्वतःला मालक म्हणवणाऱ्या कुणी पत्रकं, जाहिराती किंवा अन्य मार्गाने हक्कभंगाच्या कारवाईची धमकी दिली, आणि प्रत्यक्षात हक्कभंग झालेला नसेल, तर धमकी मिळालेला माणूस स्वतःच दावा लावू शकतो. ‘मी हक्कभंग केलेला नाही’ असा निवाडा, धमक्या थांबवण्याचा मनाई हुकूम आणि झालेल्या नुकसानीची भरपाई, या तिन्ही गोष्टी तो मागू शकतो. या कल्पनेचं मूळ १८८३ च्या ब्रिटिश पेटंट कायद्यात आहे. यंत्र बनवणाऱ्याच्या गिऱ्हाइकांना पेटंटधारक पत्रांवर पत्रं पाठवून घाबरवत आणि न्यायालयात मात्र जात नसत. त्यावर हा उतारा निघाला. गंमत म्हणजे ब्रिटनने तो आपल्या कॉपीराइट कायद्यात कधी घेतला नाही, भारताने घेतला.

कलम ६० ला एक मर्यादा आहे. धमकी देणाऱ्याने तत्परतेने हक्कभंगाचा दावा दाखल करून तो चालवला तर हे कलम लागू होत नाही. पण त्यातच त्याचा उपयोग आहे. नोटीस पाठवून गप्प बसणाऱ्याला ते न्यायालयात खेचतं आणि तिथे मालकीचे करार, गाण्यांची यादी, वापराचा पुरावा असं सगळं टेबलावर ठेवावं लागतं. फौजदारी छाप्यातही एक खिडकी आहे: जप्त झालेल्या वस्तूवर आपला हक्क सांगणाऱ्याला कलम ६४ प्रमाणे पंधरा दिवसांत दंडाधिकाऱ्यांकडे ती परत मागता येते. हे पंधरा दिवस पोलीस ठाण्याच्या फेऱ्यांत गेले की पंचाईत होते.

आता मंगल कार्यालयाकडे वळू. इथे हक्कांचे थर समजून घ्यावे लागतात. एका गाण्यात शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा. शब्द आणि चाल यांचे पैसे गोळा करते १९६९ मध्ये स्थापन झालेली आयपीआरएस ही संस्था. ध्वनिमुद्रणाचे परवाने देते १९४१ पासूनची पीपीएल. काही लेबलांचे हक्क नोवेक्स ही खासगी कंपनी सांभाळते. कोल्हापूर-सांगलीकडच्या वरातीत बेंजो पार्टी एखाद्या चित्रपटगीताची धून वाजवते, तेव्हा ध्वनिमुद्रण वाजतच नाही. वापर होतो तो फक्त चालीचा. त्याच वरातीत मागून डीजेची गाडी आली की तिन्ही थर वापरात येतात.

पण वरात कायद्यानेच सुटलेली आहे. कलम ५२(१)(झेड-ए) प्रमाणे खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत किंवा सरकारी समारंभात गाणी वाजवणं हा हक्कभंग नाही, आणि १९९४ च्या दुरुस्तीने जोडलेलं स्पष्टीकरण म्हणतं की धार्मिक विधीत लग्नाची मिरवणूक आणि लग्नाशी निगडित इतर सामाजिक समारंभ येतात. तरीही हॉटेलांकडून, कार्यालयांकडून लग्नाच्या तारखांना परवान्याची मागणी होतच राहिली. तक्रारी वाढल्या तेव्हा केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाने २४ जुलै २०२३ रोजी जाहीर सूचना काढली: लग्नात गाणी वाजवण्यासाठी कुणी पैसे मागू नयेत आणि मागितले तर लोकांनी देऊ नयेत.

गोव्यात समुद्रकाठच्या हॉटेलांत लग्नं लावण्याचा मोठा धंदा आहे. तिथल्या सरकारने ३० जानेवारी २०२४ रोजी याच धर्तीवर परिपत्रक काढलं. पीपीएल न्यायालयात गेली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १३ ऑगस्ट २०२४ रोजी ते परिपत्रक रद्द केलं. कायद्याने दिलेली सूट कायद्यातल्या शब्दांपुरती. सरकारी कागदाने ती रुंदावता येत नाही आणि हक्कदाराचा दाद मागायचा मार्गही बंद करता येत नाही, हा त्यामागचा विचार. केंद्राच्या २०१९ सालच्या अशाच एका सूचनेला पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हाच न्याय लावला होता.

या निकालाचा ‘आता लग्नात गाण्याचे पैसे द्यावे लागणार’ असा अर्थ बाजारात लावला गेला, तो चुकीचा होता. कलम ५२ ची सूट जागच्या जागी आहे. रद्द झाली ती सरकारची सरसकट भाषा. म्हणजे ज्या कसोटीने कंपन्यांच्या घाऊक नोटिसा टिकल्या नाहीत, त्याच कसोटीने सरकारची घाऊक सूटही टिकली नाही. कार्यक्रम लग्नाचाच होता का, की लग्नाच्या नावाखाली तिकीट लावलेली पार्टी, हे त्या त्या प्रकरणात तपासायचं. गणेशोत्सवालाही हेच लागू होतं. प्राणप्रतिष्ठा आणि आरती हा धार्मिक विधी आहे यात शंका नाही. त्याच मंडपात तिकीट लावून ऑर्केस्ट्रा केला तर सुटीचा दावा लंगडा पडतो. विनातिकीट कार्यक्रम करणाऱ्या हौशी मंडळांसाठी आणि नफा न कमावणाऱ्या क्लबांसाठी कलम ५२ मध्ये वेगळ्या तरतुदी आहेत, पण हॉटेल त्यांत बसत नाही.

कंपन्यांच्या विरोधातला आणखी एक मुद्दा मुळावरच घाव घालतो: परवाना द्यायचा अधिकार तुम्हाला दिला कुणी? कलम ३३ प्रमाणे परवाने देण्याचा व्यवसाय नोंदणीकृत कॉपीराइट सोसायटीनेच करायचा, असं हॉटेलचालक म्हणतात. कलम ३० प्रमाणे मालक स्वतः परवाना देऊ शकतो आणि आम्ही करारांनी मालक झालो आहोत, असं पीपीएल आणि नोवेक्स म्हणतात. मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये नोवेक्सच्या विरोधात निकाल दिला. मुंबई उच्च न्यायालयाने २४ जानेवारी २०२४ रोजी ट्रेड विंग्ज हॉटेल्सच्या प्रकरणात नेमकं उलट सांगितलं: मालक म्हणून परवाना देता येतो. मग १५ एप्रिल २०२५ रोजी दिल्लीच्या खंडपीठाने ॲझ्युर हॉस्पिटॅलिटी या रेस्टॉरंट कंपनीच्या अपिलात पुन्हा मद्रासच्या बाजूने कौल दिला आणि ध्वनिमुद्रणांची नोंदणीकृत सोसायटी असलेल्या आरएमपीएलच्या दराने पैसे द्यायला सांगितलं. आठवड्याभरात सर्वोच्च न्यायालयाने त्या दराच्या निर्देशाला स्थगिती दिली.

आपल्या भागाला एक वेगळा प्रश्न नेहमी नडला: लढायचं कुठे? कलम ६२ मुळे हक्कदाराला स्वतःच्या गावात दावा लावायची मुभा आहे. छोट्या कलावंताला दूरच्या शहरात खेटे घालावे लागू नयेत म्हणून केलेली ही सोय मोठ्या संस्थांनीही वापरली. मुंबईतल्या चित्रपटगृहाच्या मालकावर आयपीआरएसने थेट दिल्लीत दावा लावला. संस्थेचं मुख्य कार्यालय मुंबईत, वाद मुंबईतला, तरी दावा दिल्लीत! सर्वोच्च न्यायालयाने १ जुलै २०१५ रोजी हे चालणार नाही असं सांगितलं. जिथे तुमचं कार्यालयही आहे आणि वादाचं कारणही घडलं, तिथेच दावा लावा. कोल्हापूरच्या हॉटेलवाल्याला याचा फायदा अर्धाच मिळतो, कारण कंपनीची इथे शाखा नसेल तर मुंबईचा रस्ता तिला खुला राहतो. दरवर्षी नाताळ आणि ३१ डिसेंबरच्या तोंडावर मुंबई उच्च न्यायालयात अशा दाव्यांची रांग लागते, आणि पार्टीच्या आदल्या दिवशी मनाई हुकूम हातात पडला की उत्तर द्यायला वेळ उरत नाही.

फौजदारी बाजूला मात्र अंतर खरोखर कमी झालं आहे. चार दशकांहून जास्त चाललेल्या वकिलांच्या लढ्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून भाऊसिंगजी रोडवरच्या जुन्या न्यायालय इमारतीत सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतला दुकानदार चुकीचा गुन्हा रद्द करून घ्यायला किंवा अटकपूर्व जामिनासाठी आता इथेच अर्ज करू शकतो. कलम ६० चा दावा लावायचा तर तो जिल्हा न्यायालयात, म्हणजे कसबा बावड्याला.

हे सगळं वाचून कंपन्या म्हणजे खलनायक असं चित्र उभं राहत असेल तर ते पुसायला कोल्हापूरचंच उदाहरण आहे. गीतकार जगदीश खेबुडकर याच मातीतले. त्यांची गाणी गावोगावच्या जत्रेत, वरातीत आणि चिपमध्ये वाजत राहिली. पण १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं होतं की चित्रपटासाठी गाणं दिलं की जाहीर वापराचा हक्क निर्मात्याकडे जातो. त्या निकालातच न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गायकांना हक्क नसल्याची खंत वेगळी नोंदवली. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा न सोडता येणारा वाटा मिळाला तो २१ जून २०१२ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने, ज्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत भांडले. खेबुडकर ३ मे २०११ रोजी गेले. त्यांच्या शब्दांवरचा हक्क मृत्यूनंतर साठ वर्षं, म्हणजे २०७१ अखेरपर्यंत चालेल. ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र प्रकाशनापासून साठ वर्षांचा. १९६० साली बाजारात आलेल्या तबकडीवरचा २०२० अखेर संपला.

न्यायालयांनी या बाजूलाही न्याय दिला आहे. एप्रिल २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने टिप्स विरुद्ध विंक खटल्यात सांगितलं की रेडिओसाठीची वैधानिक परवान्याची सवलत इंटरनेटवर गाणी विकणाऱ्या आणि ऐकवणाऱ्या ॲपना मिळणार नाही. २०२२ मध्ये खंडपीठाने ते कायम ठेवलं. एप्रिल २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने एफएम केंद्रांनी शब्द आणि चालीचे पैसे वेगळे मोजले पाहिजेत असा अंतरिम निर्णय दिला. या प्रकरणांत समोर मोठ्या कंपन्या होत्या, वापर उघड होता आणि मागणीला कायद्याचा स्पष्ट आधार होता.

म्हणून परवान्याची नोटीस आली की ती फाडणंही चूक आणि घाबरून पैसे भरणंही चूक. तिच्यात गाण्यांची यादी आहे का, मागणी शब्द-चालीची आहे की ध्वनिमुद्रणाची, मालकीचा करार दाखवला आहे का, कार्यक्रम लग्नाचा की व्यावसायिक आणि वाजलं ते बेंजोवर की स्पीकरवर, हे आधी लेखी विचारावं. दराचं काय, हे सर्वोच्च न्यायालयाच्या अंतिम निकालावर ठरेल. दिल्लीचं मत टिकलं तर परवाना देणाऱ्याला सोसायटी म्हणून नोंदणी करावी लागेल, कलम ३३-अ प्रमाणे दरपत्रक जाहीर करावं लागेल, आणि ते अवास्तव वाटलं तर हॉटेलवाल्याला त्याविरुद्ध अपील करता येईल. मुंबईचं मत टिकलं तर ज्याच्याकडे करार तोच दर सांगेल, आणि घासाघीस ज्याची त्याने करायची.